शेवंतीचं बिनतेलाचं ताट

शेवंती आणि मी परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहिलो. पेशंटच्या नावाच्या चिठ्ठ्या यायच्या, त्यांबरहुकूम ताटं लावायची. कमी मिठाचं, बिनसाखरेचं, पातळ. मी लालबागची मालवणी बाई, तोंडाला कुलूप नाही. शेवंती मान वर करायची नाही. तिचं एकही ताट कधी चुकलं नाही आणि त्याचा तिला ताठा होता. असणारच.

वॉर्डातून कुणी फोनवर सांगितलं, "अमक्याला आज भात नको," की हिचं ठरलेलं, "चिठ्ठी पाठवा." त्याशिवाय वाटी हलायची नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "काय गो, माणसाच्या शब्दाला काय किंमत हाय का नाय?"

"माझ्या बापाला, कुशाबाला, मिल बंद करताना साहेब तोंडीच बोललेला, तुझं सगळं मिळेल. काय मिळालं? धत्तुरा! आम्हाला जे मिळालं ना अनुजा, ते घटनेत लिहून मिळालं. तोंडी कुणी काय दिलं नाय."

माझा बापही थकलेल्या पैशांसाठी त्याच मिलच्या गेटवर बसलेला.

गेल्या वर्षी ती रिटायर झाली आणि नात सांभाळायला लागली. प्राची, पाच वर्षांची, नुसती चिमणी. मुलगा गौतम पुण्याला नोकरीला, सून नम्रता दादरला साड्यांच्या दुकानात. पोरीच्या हृदयाला भोक होतं, ते ऑपरेशन करून बुजवलं. पण नंतर छातीत दुधासारखं पाणी भरायला लागलं. खाल्लेलं तेल-तूप अंगात नेणारी बारीकशी नळी दुखावली होती, तो रस छातीत गळत होता. डॉक्टरांनी पाणी काढलं आणि कागदावर लिहून दिलं: तेल, तूप, मासे, दाणे, खोबरं बंद, पुढील सूचनेपर्यंत.

झालं! चाळीतल्या खोलीत शेवंतीने इस्पितळाचं किचन मांडलं. पोरीची भांडी वेगळी, चमचा वेगळा. मऊ भात, डाळीचं पाणी, अंड्याचा पांढरा बलक, साय काढून काढून निळं पडलेलं दूध. कागद भिंतीला चिकटवलेला.

दीड महिन्याने नम्रता पोरीला दाखवायला घेऊन गेली. छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, "छान, आता हळूहळू घरचं सगळं चालू करा." मागे ही रांग. लिहून काही दिलं नाही.

"कागद कुठाय?" शेवंतीने विचारलं.

"आई, ते बोलले ना."

"बोलले! आणि परत पाणी भरलं तर? पुन्हा छातीत नळी घालायची का तिच्या?"

नम्रताने दोन-तीनदा विषय काढला. पण सासू सव्वीस वर्षं पथ्याची ताटं लावलेली, तिच्यापुढे सुनेचं काय चालणार! पुढची तारीख तीन महिन्यांनी होती. तेव्हा लिहून आणू, असं ठरलं.

तेवढ्यात पोरीच्या अंगाची साल निघायला लागली. कातडी कोरडी खरखरीत, केस विंचरले की फणीत गुंता, भुवया विरळ. खाजवून खाजवून नडगीवर जखम झाली, ती काही केल्या भरेना. शेवंतीला वाटलं, कुठूनतरी तेल पोटात जातंय. म्हणून तिने दूधही बंद केलं.

मी एकदा चिक्की घेऊन गेले, तर तिने ती गॅलरीतून खाली भिरकावली. "नात मारायचीय का माझी?" म्हणाली. मलाही राग आला. मी दीड महिना तिकडे फिरकलेच नाही. आग लागो माझ्या रागाला! पोरीचे केस मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि रुसून घरात बसले.

मग एक दिवस नम्रताचा फोन आला. प्राचीला ताप, जखमेत पू, आमच्याच इस्पितळात ॲडमिट केलंय.

मी पोचले तेव्हा आहाराच्या मॅडम शेवंतीला समजावत होत्या. त्यांच्याच हाताखाली आम्ही शेवटची आठ वर्षं काढलेली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेवंतीताई, दोन प्रकारची तेलं अशी आहेत की शरीराला ती स्वतः बनवता येत नाहीत. खाण्यातूनच यावी लागतात. एक करडईत, सूर्यफुलात असतं. दुसरं जवसात, अक्रोडात. मासळीत त्याचेच भाऊबंद. ती नसली की कातडी टिकत नाही, जखम भरत नाही, जंतूंशी लढायला ताकद उरत नाही. दिवसाला थोडंसं पुरलं असतं. चार महिने हिला जवळजवळ थेंब मिळालेला नाही."

"म्हणजे मीच?" शेवंतीने विचारलं.

मी म्हटलं, "नाय गो," पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, एकदा, दोनदा. नम्रताने धरलं तिला. धरणारीच हुंदके देत होती.

जंतू रक्तात उतरलेत, इंजेक्शनं चालू आहेत, पण पोटात अन्न जायलाच हवं, असं डॉक्टर सांगून गेले. मॅडमनी नवी चिठ्ठी लिहिली, मऊ भात आणि एक चमचा करडईचं तेल. किचनमधून ताट आलं. शेवंतीने डोळे पुसले, तेल भातात कालवलं आणि चमचा पोरीच्या तोंडाशी नेला.

प्राचीने ओठ घट्ट मिटले. तापाने फणफणलेली, तरी मान फिरवली. "तेल नको आजी. पाणी भरेल. मी मरेन."

"नाही गं बाय माझी. मी चुकले. खा."

"नको."

"माझ्यासाठी खा गं. पाया पडते तुझ्या." आणि खरंच तिने त्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं. मला बघवेना.

प्राची म्हणाली, "तू आधी खा."

शेवंतीने तो चमचा आपल्या तोंडात घातला आणि गिळला. प्राचीने सलाइन लावलेला हात उचलला, आजीच्या छातीवर ठेवला आणि पाणी भरतंय का ते बघत राहिली.

"बघ, काय नाय झालं," शेवंती म्हणाली.

"थांब अजून," प्राची म्हणाली.