ठिगळसर आणि दादाच्या घराचा कोपरा

ठिगळसरांना झाकायची भारी हौस. ऑफिसच्या भिंतीला ओल आली की ते तिथं कॅलेंडर टांगायचे. ओल पसरली की त्याहून मोठं कॅलेंडर आणायचे. भिंत दुरुस्त करावी, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

शहाद्याला बसस्टँडसमोर त्यांचं घरांचे नकाशे काढून देण्याचं ऑफिस होतं. मी तिथं कॉम्प्युटरवर घराचं मॉडेल बनवायची. सगळं गाव त्यांना नुसतं सर म्हणायचं, ठिगळसर हे नाव मी ठेवलेलं. त्यांचा हात मात्र सुरेख होता, कागदावर मारलेली रेघ पाहत राहावी अशी. तेवढं एक चांगलं सांगितलं, आता पुढचं ऐका.

सॉफ्टवेअरमध्ये साधे, सरळ पाये कोपऱ्यात आपोआप जुळतात. पण पाया खाली रुंद, वर निमुळता असला आणि भिंती तिरक्या भेटत असल्या, की एक पाया दुसऱ्यात घुसतो, नाहीतर मध्ये फट राहते. अशा वेळी कोपऱ्याचा तुकडा वेगळा बनवून दोन्हीकडे नीट मिळवावा लागतो. वेळखाऊ काम आहे. सर त्या गोंधळावर पांढरा चौकोन ठेवायचे आणि प्रिंट काढायचे. मी काही बोलले की ठरलेलं उत्तर, "कोपरा जमिनमा जास बेन, तठे कोन देखाले जास?" अस्सा संताप यायचा!

मग माझ्या दादाच्याच घराचं काम आलं. दादाचा प्लॉट विसरवाडीला. हायवेसाठी जागा गेली आणि प्लॉट एका बाजूनं तिरका कापला गेला. बहीण तिथं कामाला आहे म्हणून दादानं विश्वासानं नकाशा आमच्याकडे दिला. पुढचा कोपरा अर्थातच जुळेना. मी म्हटलं, "सर, मला एक दिवस द्या, तुकडा नीट बनवते." सरांनी माझ्या खुर्चीवर बसून स्वतः पांढरा चौकोन ठेवला आणि नकाशा दादाच्या हातात दिला. मी दादाला हे सांगायला फोन केला, तर तो म्हणाला, "सरले समजस ना!"

पायाचं काँक्रीट झालं आणि मी बघायला गेले. पुढच्या कोपऱ्यात काँक्रीटच नाही! नुसता मोकळा खड्डा. मिस्त्री बिचारा म्हणाला, "नकाशामा कोरं व्हतं ताई. माले वाटनं, पाइपनी जागा व्हई." दोन्ही भिंतींचा भार जिथं येणार, तीच जागा कोरी.

दादानं सरांना बोलावलं. सरांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं, माझ्याकडे वळले आणि मायेनं हसले. मायेनं! "बेननी चूक शे. लहान शे, शिकी ऱ्हायनी." मी ओरडून ओरडून खरं सांगितलं. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "येत नव्हतं तं सांगाले काय व्हयनं व्हतं?"

नोकरी मी तिथल्या तिथं सोडली. घरी बसून कोपऱ्याचा तुकडा बनवला, दोन्ही पाये त्यात मिळवले आणि नकाशा मिस्त्रीच्या हातात दिला. त्यानं कडा फोडून, सळ्या मोकळ्या करून तो कोपरा पुन्हा भरला. घर उभं राहिलं, चांगलं भक्कम राहिलं.

वास्तुशांतीला दादानं सरांना पहिल्या पंगतीत बसवलं. सर मांडे खाता खाता शेजारच्यांना सांगत होते, "कोपरा लई अवघड व्हता, पन आम्ही जुळाडी दिना." दादा मान डोलावत होता. मग मला म्हणाला, "सरले वाढ ना व!" मी ताट खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

सर शहादा सोडून सुरतेला मुलाकडे गेले, त्यालाही आता बराच काळ झाला. दादा अजून मला सांगतो, "सरले फोन करत जाय, त्यासनी तुले शिकाडं." त्या मेल्यानं माझ्या भावाच्या मनातला माझ्यावरचा भरवसा नेला, आणि वर मांडे दोनदा मागून खाल्ले.