गोठा सालात नाही

अमरावतीला कॉलेजात मी इतिहास शिकवते. गुलामांच्या व्यापाराला सगळ्यांत आधी विरोध कुणी केला, हा भाग दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी त्यात रमते. पत्रकं छापणारे, सभा घेणारे, आणि माझ्या सगळ्यांत लाडक्या त्या इंग्लंडातल्या बाया, ज्यांनी गुलामांच्या घामाची साखर नको म्हणून चहा बिनसाखरेचा प्यायला घेतला. हे सांगताना माझा आवाज चढतो. मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी धाकट्या भावाकडे गेले होते, अकोल्याजवळच्या आमच्या गावी. त्याच्याकडे सालदार आहे, म्हणजे वर्षभरासाठी धरलेला गडी. पाडव्याला त्याचं साल ठरतं: पगार, जवारी, कपडे. सालदार गुलाम नसतो, एवढं मला कळतं. पटलं नाही तर तो पुढच्या पाडव्याला दुसरं घर बघतो. पण त्याच्या बायकोनं मालकाचा गोठा झाडायचा, शेण काढायचं आणि त्याचं तिला काही मिळायचं नाही, हे आमच्या घरी कधी कुणी ठरवलंच नव्हतं. ते धरलेलंच होतं.

त्या वर्षी तिला गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळत होतं. तिच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पगार पडणार होता. पण सकाळ सगळी गोठ्यात जायची. भावानं सांगून टाकलं होतं, गोठा सुटला तर नवऱ्याचं सालही सुटलं.

माझं डोकं तापलं. भावजयीनं चहा आणला, तर मी म्हटलं, "दुधाचा नको. बिनपगारी झाडलेल्या गोठ्यातलं दूध मी पिणार नाही."

"ताई, हे तुयं कॉलेज नाही," भाऊ म्हणाला.

"म्हणून तर शिकवत नाहीये. पीत नाही, एवढंच."

मग रोज कोरा चहा. मला तो बिलकूल आवडत नाही, तरी मी ऐटीत प्यायची. आपण काय करतोय ते त्या बाईला कळावं म्हणून गोठ्यात जाऊन सांगितलंही. तिनं शेणाची पाटी खाली ठेवली आणि खळखळून हसली.

"तुमी दूध सोडल्यानं माह्यं शेण कमी होईन काय, ताई?"

मी विचारलं, "काय करू सांग."

"पाडव्याले ओट्यावर या. मी बोलीन तवा मधात बोलू नका. पन उठून जाऊ बी नका."

मध्ये न बोलणं म्हणजे माझ्यासाठी उपासच.

पाडव्याला गुढी उभी राहिली, ओट्यावर गावातली चार माणसं जमली. या बैठकीला बाया येत नाहीत. ती आली आणि पायरीखाली उभी राहिली. भावानं सालाची बोली सांगितली आणि शेवटी, कधी नव्हे ते, मोठ्यानं म्हणाला, "आन् गोठा नेहमीसारखा."

"साल याइनं धरलं, मालक," ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली. "मी नाही धरलं. गोठा सालात नाही."

भावानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला पढवून आणली. जीभ दाताखाली धरून मी उठले, पायऱ्या उतरले आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

"तू काय म्हनतं?" भावानं सालदाराला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "ती म्हनते तेच."

ऐन पाडव्याला कामाचा गडी हातचा जाऊ देण्याइतका माझा भाऊ वेडा नाही. सकाळी खाल्लेला कडुनिंब पुन्हा तोंडात आल्यासारखं तोंड करून तो म्हणाला, "बरं."

आता वर्गात तो विरोधाचा भाग मी वेगळा सुरू करते. जहाजाच्या तळाशी साखळ्यांत असूनही ज्यांनी अन्न घ्यायला नकार दिला, दात घट्ट आवळले, ते आधी. साखर सोडणाऱ्या बाया मागून येतात. त्या माझ्या अजूनही लाडक्या आहेत.

पावसाळ्यात गावी गेले तेव्हा भाऊ तोंडाला दुपट्टा बांधून स्वतः शेण काढत होता. भावजयीनं विचारलं नाही, दुधाचाच चहा आणला. कप उचलला, पण घोट घेईना मी. उगाच दाराकडे बघत बसले. शाळेतून येताना ती दारात थांबली, हात हळदीनं पिवळे. तिनं कपाकडे पाहिलं.

"आता घ्या, ताई."