न तडतडलेला कागद

रस्ता खोदणाऱ्यांची कुदळ जमिनीतल्या जुन्या केबलमध्ये घुसली आणि ऐन जूनमध्ये दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीची वीज गेली. तिसऱ्या मजल्यावर, आमच्याच घरात, बाळंतपणाला आलेली ताई ओल्या पंच्याने बाळाला वारा घालत होती. आणि वीज खात्यात नुकतीच लागलेली मी खाली खड्ड्यात. खोटं कशाला बोलू, इतका हुरूप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

चिरडलेला भाग कापून टाकला होता. प्रश्न उरलेल्या केबलचा होता. तिच्या तारांवर तेलात मुरलेल्या कागदाचे वेढे असतात. त्यांत पाणी शिरलं असेल तर जोडलेली केबल फुटते, जवळच्या माणसाचा जीवही घेते. म्हणून त्या कागदाची पट्टी कढत तेलात सोडून बघायची. तडतडली की केबल बाद, आणि नवी यायला आठवडा तरी लागणार होता.

आमचे साहेब नागपूरचे, अनुभवी आणि तितकेच उतावळे. त्यांनी हाताने कपाळाचा घाम पुसला, त्याच हाताने पट्टी सोलली आणि तेलात सोडली. ती तडतडली.

"गई ये," ते म्हणाले. "चलो, नवी मागवू."

मला मात्र फोडणी आठवली. ओल्या हाताने कढईपाशी गेलं की आई डोळे वटारायची. साहेबांची बोटं तर घामाने निथळत होती. मग हे पाणी केबलचं की साहेबांचं?

"साहेब, पक्कड द्या," मी म्हटलं. "हात न लावता बघू या."

ते हसले, पण पक्कड दिली. मी पकडीने नवी पट्टी काढून तेलात धरली. आवाज नाही. मग तारेला चिकटलेली, सगळ्यात आतली. तीही गप्प. दुसऱ्या टोकाच्याही गप्पच. मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

"यार, माझाच घाम," म्हणत साहेब पोट धरून हसले.

सांधा झाला, यंत्राने तपासला, ठीक निघाला. सगळ्यांना लांब उभं करून वीज सोडली. मी खड्डा सोडून तिसऱ्या मजल्याकडेच बघत होते. खिडकीत दिवा लागला. धडाधडा जिने चढून गेले, नुकतंच झोपलेलं बाळ उचललं आणि पंख्याखाली धरलं. ते रडायला लागलं, ताई भडकली.

"रागाव," मी म्हटलं, "पण पंख्याखाली बसून रागाव."