वडाचा चीक

वडाचं पान खुडलं की पांढरा चीक बोटांना लागतो, आणि त्या वासाबरोबर मला भिंगारच्या घरातली काकू आठवते.

लढाईचे दिवस होते. काका वारले होते, आणि काकूचं केशवपन करायचं आजोबांनी ठरवलं होतं. इंग्रजी शाळेतून सुटीला आलेली मी रोज दुपारी परसात तिच्या केसांना चीक चोळून पीळ देत असे.

“तुझ्यासारखे कुरळे असते, तर आपोआप गुंतले असते,” काकू म्हणायची. “माझे मेले सरळ, सारखे सुटतात. घट्ट पीळ दे.”

“पण काकू, देवीची जट अशी हाताने करतात का?”

“देवी समजून घेईल. न्हाव्याला समजलं नाही म्हणजे झालं.”

तेव्हा मला ते पाप वाटे. आता वाटतं, त्या घरात तिची बाजू घेणारी देवीच तेवढी होती.

सुटी संपता संपता न्हावी आला. काकूने पदर खाली घेतला. मानेवर रुळणारी जट पाहून त्याने वस्तरा धोकटीत ठेवला आणि आजोबांपुढे हात जोडले.

“देवीची हाय, अण्णा. मी न्हाई हात लावायचो.”

आजोबा आत गेले. काकूने पदर सावरला.

“जा, चीक घेऊन ये,” ती हळूच म्हणाली. “आता ही सुटून चालायची नाही.”