माझ्या फिल्मचा कौल

आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत.

बाबा देवगडच्या शाळेतून निवृत्त झाले. पत्रकं काढण्यातून मात्र कधीच होणार नाहीत. हुंडा, डीजे, प्लॅस्टिक, बुवाबाजी, सगळ्यांविरुद्ध त्यांचं एकेक पत्रक आहे. मी बाराखडी पुस्तकातून शिकलेच नाही. मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य होतं, 'बंधूंनो, जागे व्हा!' (भगिनींना बहुतेक झोपायची परवानगी होती.)

अशा घरातली मुलगी मोठेपणी काय होणार? स्वतंत्र फिल्ममेकर! म्हणजे नक्की काय, ते आईनं शेजारणीला एकदा समजावलं : "आमचा चेडू लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ काढता, आनि त्या पैशात असलो सिनेमा करता, जो कोण बघणा नाय!" इतकी अचूक व्याख्या मला फिल्म शिकवणाऱ्या शिक्षकांनीही दिली नव्हती. मी खरंच स्वतंत्र होते. निर्मात्यापासून, वितरकापासून आणि विशेषतः प्रेक्षकांपासून!

माझ्या फिल्मचं नाव 'दगडाला विचारू नका'. विषय, कौल. आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, लोक देवाला विचारतात. गुरव पाषाणाला ओले तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे डोळे फाडून बघत बसतात. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. या प्रकारावर मी तासभर आग ओकली होती. आमच्या देवळाचे गुरव पांडूकाका त्यात होते. फिल्म तुमच्याविरुद्ध आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं (तत्त्व म्हणजे तत्त्व!). ते म्हणाले, "जावंदे गो. माजो चेहरो तरी दिसतलो!"

ही आग मी दिसेल त्या महोत्सवाला पाठवली आणि सगळीकडून ती विझून परत आली. शेवटी एका महोत्सवाच्या नंदिनी मॅडमचा फोन आला. कुठल्या फिल्म दाखवायच्या, हे त्या ठरवतात. त्या सुट्टीला मालवणात आल्या होत्या.

"रेवती, एकच जागा उरलीये आणि फिल्म दोन आहेत. उद्या कार्यक्रम छापायला जाईल. तुझी पुन्हा एकदा बघते, तुझ्याच घरी येऊन."

"आणि दुसरी कसली आहे?"

"एक म्हातारा धुक्याकडे बघत बसतो. अडीच तास."

त्या आल्या, फिल्म बघितली आणि "प्रामाणिक आहे," म्हणाल्या. (आमच्या व्यवसायात याचा अर्थ, बिचारीनं मेहनत घेतलीये!) मग आईनं सुरमई वाढली आणि मॅडम मोकळ्या झाल्या.

"मीही रेवतीसारखीच होते हो. एक फिल्म केली, कुणी घेतली नाही. मग त्याच महोत्सवाच्या दारात पास तपासायला उभी राहिले. मग पाहुणे आणायला विमानतळावर, मग निवड समितीत. आता मी लोकांना नाही म्हणते आणि त्याचा पगार मिळतो."

आईच्या हातातला सोलकढीचा ग्लास थांबला. "मगे आमच्या चेडवाक पण पगार गावतलो?"

"मिळेल ना. फिल्म करणं सोडलं तर."

माझ्या कारकिर्दीबद्दल आईच्या चेहऱ्यावर आशा दिसली, ती आयुष्यात पहिल्यांदा!

जेवणानंतर बाबा मॅडमना गाव दाखवायला घेऊन गेले. मी सुरमईची भांडी घासत मनात भाषण जुळवत होते : कला, विवेक, समाज. भांडी संपली, भाषण संपलं, तरी दोघांचा पत्ता नाही. म्हणून शोधायला निघाले. देवळापाशी आले आणि पांडूकाकांचा खणखणीत आवाज कानावर पडला, मागोमाग जमलेल्यांची साथ.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ही पावणी तुझ्या पायाकडे इली हा. जागा एक आसा आनि सिनेमे दोन आसत..."

"होय म्हाराजा!"

"त्या धुक्यातल्या म्हाताऱ्याक बाजूक कर आनि आमच्या मास्तरांच्या चेडवाक यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हा शेवटचा, सर्वांत मोठा 'होय म्हाराजा' माझ्या बाबांचा होता!

ज्या माणसानं मला शाळेत गॅदरिंगच्या पूजेचा नारळ फोडू दिला नव्हता, तो माणूस हात जोडून उभा! आणि बगलेत नारळ!

"बाबा! तुम्ही?"

बाबांनी तात्काळ पत्रकाची भाषा धरली. "रेवती, हा केवळ एका लोकप्रथेचा अभ्यास..."

"आणि तो नारळ?"

"तो... अभ्यासाचोच आसा," बाबा पुटपुटले.

"त्यांना काही बोलू नकोस," मॅडम म्हणाल्या. "मीच हट्ट केला. वर्षभर फिल्म बघून बघून मला चांगलं काय, वाईट काय, कळेनासं झालंय. तुझ्या फिल्ममधले हे काका मिनिटात निकाल देतात! मला हेवाच वाटला."

"अहो, पण त्याच फिल्ममध्ये मी सांगितलंय की..."

"गप ऱ्हव!" पांडूकाका ओरडले. "दाणो हलता हा!"

तत्त्व म्हणून मान फिरवायला हवी होती. फिरली नाही! मीही डोळे फाडून त्या उजव्या दाण्याकडे बघत राहिले.

डावा पडला.

"देव नाय म्हणता," पांडूकाका शांतपणे म्हणाले.

आता खरं तर माझ्यातल्या विवेकानं खदाखदा हसायचं. पण मला ऐकू आला तो माझाच आवाज : "असो कसो पडलो? डाव्याक पाणी कमी लावलस तू! वारो खंयसून येता बघ! ह्यो कौल धरूचो नाय! परत लाव!"

"परत लावूक नवो नारळ व्हयो."

"बाबांच्या बगलेतलो घे!"

"तो पयल्या कौलाचो."

आणि मी धावले! अंगात आईचा गाऊन कमरेला खोचलेला, डोक्याला पंचा, हातांना सुरमईचा वास. दुकानातून नारळ उचलला, धापा टाकत परतले, देवळाच्या पायरीवर गुडघे टेकले आणि गळा काढला, "देवा, एकदाच हो म्हण रे! धुक्यातल्या म्हाताऱ्याक पुढच्या वर्षी घेव!"

"बाय... तू?" बाबा मटकन पायरीवर बसले. आयुष्यभराचं कार्य डोळ्यांदेखत वाहून गेलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तेवढ्यात मागून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मॅडम फोन समोर धरून उभ्या होत्या. हसत होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं.

"इतक्या वर्षांनी मी शॉट घेतला गं! रेवती, देवाचं बरोबर आहे, तुझ्या फिल्मला शेवटच नव्हता. हा घे शेवट. हा जोडलास तर जागा तुझी."

"पण यात मीच..."

"नाहीतर म्हातारा आहेच."

घरी बाबांशी तत्त्वांवर गंभीर चर्चा झाली. ती चहा उकळायच्या आत संपली. मी शेवट जोडला.

महोत्सवात माझी तासभराची आग सुरू असताना प्रेक्षकांनी सुखानं झोप काढली. गाऊन पडद्यावर धावत आला आणि अख्खं सभागृह जागं झालं! हशा, टाळ्या, शिट्ट्या! परीक्षकांनी खास उल्लेखही केला. माझा नव्हे. 'अंधश्रद्धेत बुडालेल्या अनामिक ग्रामीण स्त्रीच्या अस्सल दर्शनाचा!'

मी खादीचा कुर्ता आणि जाड चष्मा घालून मंचावर गेले. परीक्षकांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "ही बाई मिळाली कुठे तुम्हाला? इतकी भाबडी, इतकी अडाणी!"

पहिल्या रांगेत आईनं उत्साहानं हात वर केला. बाबांनी तो खाली ओढला.

"आमच्या गावातच असते," मी म्हटलं.

"पुढच्या फिल्ममध्येही घ्या तिला! फक्त तिला काही शिकवू नका हं, बिघडेल."

"त्याची काळजीच नको," मी म्हटलं. "ती शिकण्यातली नाही!"