आक्काच्या खाज्याचं गाऱ्हाणं

माझा आवाज तेव्हा असा होता, की मी आमच्या अंगणात खोकलो तर समोर किल्ल्यावरचे कावळे उडत. गावात याला कुणी सरळ खोटं म्हणत नसे. माझ्या प्रत्येक रुपयातून बारा आणे वजा करून ऐकायची सगळ्यांना सवयच लागली होती.

त्या आवाजापायी की काय, पण जत्रेत गाऱ्हाणं घालायचा आमच्या घराचा मान वडिलांच्या मागे माझ्याकडे आला. देवळासमोर उभं राहून साऱ्या गावासाठी देवाकडे मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर गावानं एका तोंडानं "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. काय मागितलं इकडे लक्ष कोण देतो? हात सुपारी कातरतात, डोळे सुनेला दटावतात, आणि तोंड आपलं आपण "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळं होतं.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, जत्रेत खाजा विकायची. बेसनाच्या कांड्या तळून गूळ-आल्याच्या पाकात घोळवलेला. तिचा खाजा खाऊन एका म्हाताऱ्याला नवे दात फुटले, असं मी पार कुडाळपर्यंत सांगून आलो होतो. तिचा नवरा गलबतावर गेला तो परतलाच नाही. आधी ती रडली, मग बोलायची थांबली, आणि एके दिवशी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन समुद्र पेटवायला निघाली. हे मात्र मी फुगवलेलं नाही. भगत झाले, कोंबडे झाले, अंगारे झाले. शेवटी बोटीत बसवून मी तिला दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिथून ती बरी होऊन आली. माझी थाप पहिल्याच वाक्यात पकडण्याइतकी बरी.

पण जत्रेत तिच्या टोपलीसमोर कुणी थांबेना. आयांनी पोरांना दंडाला धरून पलीकडून नेलं. आक्का भरली टोपली घेऊन घरी आली नि म्हणाली, "माका तुझ्या चुलीवरचा आयता खावचा नाय. माझा खाजा खपाक होया."

मग मी सांगत सुटलो. विहिरीवर, तिठ्यावर, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना. आमच्याकडे गावच्या मुख्य मानकऱ्याला 'गावकरी' म्हणतात, त्या काकांना तर रोज.

"अरे, बरी झाली म्हणतंस, पण पुन्ना उलाटला तर?"

"तापसुद्दा उलाटता, काका. म्हणान ताप इल्ल्याच्या हातचा आपण खाणा नाय काय?"

"तू तारकर्लेक हातान देवमासो धरलंस, तसाच ह्या."

जन्मभराच्या थापा अशा अंगावर आल्या. समजावून सांगण्याइतकं दमवणारं काम दुसरं नाही. रापण ओढताना निदान दोर तरी आपल्याकडे येतो.

माझं ऐकत नाहीत तर शिकलेल्या माणसाचं ऐकतील, म्हणून मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पाया पडून त्यांना शाळेच्या पडवीत भाषणाला आणलं. ते शुद्ध बोलले. मन हे शरीरासारखंच आजारी पडतं, उपचारानं बरं होतं, हा रोग स्पर्शानं पसरत नाही, ही भूतबाधा नव्हे. टाळ्या अशा पडल्या की कौलं हलली. मग मी चहा फिरवला आणि छाती काढून सांगितलं, "आक्कान केलेलो आसा."

कप होते तिथेच राहिले. सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टरांनी कपाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, नि म्हणाले, "मी चहा सोडलाय." तासाभरापूर्वी गावकऱ्यांच्या ओटीवर त्यांनी दोन कप घेतले होते. आक्कानं सगळा चहा माडाच्या मुळात ओतला. त्या माणसाचा मला राग आला नाही. तो बोलला ते खरं होतं, फक्त ते त्याच्या स्वतःच्या हातापर्यंत पोचलं नव्हतं.

पुढच्या जत्रेत मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो.

"बा म्हाराजा! जा लेकरू दर्यावर गेला, तेका सुखरूप किनाऱ्याक लाव!"

"व्हय म्हाराजा!"

"जेका ताप इलो, जेचो हात मोडलो, तेका बरो कर!"

"व्हय म्हाराजा!"

"जेचा मन मोडला नि इस्पितळात सांधून इला, तेका आपल्यातलाच म्हणान वळख!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण आमच्या आक्काच्या हातचा खाजा नको म्हणात, तेच्याकडे तू बघून घी!"

"व्हय म्हा—"

पुढचं अक्षर बऱ्याच जणांनी गिळलं, पण उशीर झाला होता. देवानं ऐकलं होतं. गावकरी माझ्याकडे असे बघत राहिले, की मी मेणबत्ती असतो तर वितळलो असतो. मग ते सरळ आक्काच्या टोपलीशी गेले, एक कांडी उचलली आणि डोळे मिटून चावली. त्यांच्यामागे लोक आले. भीतीनं आले हे मला दिसत होतं. पण आले.

पुढली काही वर्षं मी ते मागणं दर जत्रेत घालत राहिलो. लोक घेत, खात, आक्का विकी. मला वाटायचं, मी गाव शिकवला. मग एका जत्रेच्या सकाळी पाक ढवळता ढवळता आक्का म्हणाली, "यंदा माझा गाऱ्हाणा घालू नको."

"आणि कोणी घेतला नाय तर?"

"नाय तर नाय. दरवर्सा देवाच्या दारात तू माका येडी म्हणान उभी करतंस. लोक इसारले असते रे. तूच इसरूक देणंस नाय."

मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

त्या दिवशी दर्याचं मागितलं, तापाचं मागितलं, मोडल्या मनाचंही मागितलं, कारण तशी घरं गावात आणखी होती. पुढचं गिळून मी थांबलो. गर्दीतून एक बाई ओरडली, "अरे, खाज्याचा ऱ्हवला मरे!"

आक्का टोपलीपाशी उभी राहून म्हणाली, "खावचा आसा तर घेवा! देवाक कित्याक तरास?"

लोक हसले. दुपारभर मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो, तिकडे बघायचा धीर होईना.

उन्हं कलल्यावर टोपली डोक्यावर घ्यायला गेलो तर तळाशी खाजा उरला होता. आदल्या वर्षी कांडीसुद्धा उरली नव्हती. माझा चेहरा बघून आक्कानं शेजारच्या खाज्याच्या दुकानांकडे बोट केलं. तिथेही टोपल्यांच्या तळाशी तेवढाच होता.

"सगळ्यांचाच उरला," ती म्हणाली. इतकी खूश होऊन म्हणाली, की मी वाटेत एकही थाप मारली नाही. टोपली घेऊन तिच्या मागून चालत राहिलो.