उजव्या हाताचा टाका

शिंपी मास्तरांचा पोरगा माणसांना कंटाळून जंगलात राहायला गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. बावीस वर्षांचा, डावखुरा, म्हणून घरीदारी डावऱ्या. "माणसांची मापं घेऊन वीट आलाय बाबा," एवढंच म्हणाला होता. गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला आणि गेला.

गिऱ्हाइकं विचारायची, "काय मास्तर, माकडांचे कपडे शिवायला पाठवलंत का पोराला?"

"माकडं बरी. माप देताना तुमच्यासारखी पोट आत ओढत नाहीत," मास्तर म्हणायचे आणि मान खाली घालून पायडल मारायचे.

ठरलेलं एकच होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, डांबरी रस्ता संपतो तिथल्या पडक्या चौकीत मास्तर गाठोडं ठेवत: मीठ, काडेपेट्या, सुईदोरा, एक नवा जोड. मागचा विटलेला जोड तिथं घडी घालून ठेवलेला असायचा. तो मास्तर घरी आणत. गाठ पडायची नाही, पोराची तशी अटच होती. पण घडी बघून जीव भांड्यात पडायचा.

त्या जुन्या कपड्यांवर ठिगळं असत. डावऱ्याची तुरपाई मास्तरांना जन्मात आवडली नव्हती. टाका उलटा कललेला, दोरा ओढलेला. "हात आहे का फावडं?" म्हणून दुकानात चारचौघांत कितीदा सुनावलं होतं. पण गेल्या चार महिन्यांत हात सुधारला होता. टाका बारीक, एकसारखा, सुलटा कललेला. मास्तर गिऱ्हाइकांना बाही उलटी करून दाखवायचे. "बघा! अक्कल यायला जंगल लागलं."

त्या शनिवारीही ते बाही उलटी करून बसले होते. समोर बायको काजं करत होती. दुकानातली सगळी काजं तिच्याच हातची.

"पुरे आता ते कौतुक," ती म्हणाली.

"का गं? पोराचं कौतुक खुपतं?"

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "त्याला सुई धरायला मी शिकवलं. डाव्या हातानं असा टाका पडतच नाही. हा उजव्या हाताचा आहे, अहो."

मास्तरांनी बाही दिव्याजवळ नेली. तीस वर्षं कपडे शिवणारा माणूस, आणि चार महिने नुसता सुबकपणा बघत बसला होता. टाक्यांची रांग एकाएकी परक्या अक्षरासारखी दिसायला लागली.

"डावा हात दुखावला असेल त्याचा."

"मग उजव्यानं एवढं देखणं शिवलं?"

"तुला कधीपासून ठाऊक?"

"या टाक्याच्या पहिल्याच जोडापासून. तुम्ही इतके खूश होता..." तिनं सुई पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाठोडं चौकीत ठेवलं, पण परतीची बस धरली नाही. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत बसून राहिले. भर दुपार होती, पाखरूही ओरडत नव्हतं. मनाशी एकच घोकत होते: हात दुखावलाय, दुसरं काही नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा झाडीतून एकजण आला. अंगात मास्तरांनीच शिवलेला निळा सदरा. मास्तर अर्धे उठले आणि तिथंच थबकले. डावऱ्याचा डावा खांदा जन्मतः अर्धा इंच उतरता, त्यामुळे त्याचा प्रत्येक सदरा ते त्या बाजूला उतरता बेतायचे. या माणसाच्या खांद्यावर तिथंच कापड ताणून चुणी पडली होती.

"डावऱ्या!" तरी त्यांनी हाक मारलीच.

माणूस दचकला नाही. गाठोडं उजव्या हातानं उचललं, काखेत मारलं, मग सावकाश वळला. चेहरा दाढीत बुडालेला, डोळे शांत.

"मास्तर ना तुम्ही?" तो म्हणाला. "बरं झालं भेटलात. पँट दोन बोटं आखूड होते."

"माझा पोरगा कुठाय?"

माणसानं गाठोड्याची गाठ चाचपली, घट्ट केली. "खांद्यातही जरा काचतंय," तो म्हणाला आणि आल्या वाटेनं झाडीत शिरला.

मास्तरांचे डोळे सवयीनं त्या पाठमोऱ्या अंगाचं माप घेत राहिले. उंची दोन बोटं जास्त. खांदे सरळ, दोन्ही सारखे.